टीव्ही पेलते ती भिंत

नवा टीव्ही खोक्यातून बाहेर निघाला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "भिंतीला लावला तर पडणार तर नाही ना?" उत्तर बहुधा दुकानदार देतो, "काही होत नाही हो, ब्रॅकेट मजबूत आहे." ब्रॅकेट मजबूत असतंच. लोखंडी पट्टी वाकून किंवा तुटून टीव्ही पडला असं क्वचित घडतं. टीव्ही पडतो तेव्हा ब्रॅकेट त्याच्या पाठीला घट्टच असतं. भिंतीतून उपटलेले स्क्रू आणि प्लॅस्टरचा एक ढलपा त्याच्याबरोबर खाली येतो.

म्हणजे चौकशी करायची ती भिंतीची. त्यासाठी परभणी जिल्ह्यातलं पूर्णा हे गाव नमुना म्हणून घेऊ. परभणी-नांदेड मार्गावरचं हे जंक्शन. इथून एक फाटा वसमत, हिंगोली, वाशीमवरून अकोल्याला जातो. जुन्या वस्तीत दगड-मातीच्या भिंतींची माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं, रेल्वेमुळे वाढलेल्या भागात विटांची बांधकामं, नव्या प्लॉटिंगवर सिमेंटचे स्लॅब आणि कडेला पत्र्याच्या खोल्या, असं सगळं इथे थोड्या अंतरात भेटतं. टीव्ही सगळीकडे तोच, भिंत मात्र दर घरी वेगळी.

१. वजन खाली ओढतं, स्क्रू मात्र बाहेर निघतो

आधी वजन पाहू. जुना काचेच्या नळीचा २१ इंची टीव्ही उचलायला दोन माणसं लागायची. आजचा ३२ इंची एलईडी साधारण ४ ते ५ किलोचा, ४३ इंची ७ ते ९ किलोचा आणि ५५ इंची १४ ते १८ किलोचा असतो. नेमका आकडा खोक्यावर छापलेला असतो. त्यातला 'स्टँडशिवाय' लिहिलेला आपल्या कामाचा.

आठ किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई सहज घरी येते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगितली तर दहा पावलंही चालवत नाही. पाणी तेवढंच, अंगापासूनचं अंतर वाढलं. भिंतीचंही तसंच आहे. टीव्ही भिंतीपासून जितका पुढे, तितकी वरच्या स्क्रूंवर बाहेर खेचणारी ओढ जास्त.

हिशेब सोपा आहे. टीव्हीचं वजन गुणिले भिंतीपासूनचं अंतर, भागिले भिंतीवरच्या पट्टीची उंची, म्हणजे वरच्या स्क्रूपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर. टीव्ही ८ किलोचा, पट्टी २० सेंटीमीटर उंच धरू.

भिंतीला चिकटून बसणारं ब्रॅकेट: टीव्ही ५ सेंटीमीटर पुढे. ८ × ५ = ४०, भागिले २० = २ किलोची ओढ.

पुढे ओढून फिरवता येणारं ब्रॅकेट: हात पूर्ण उघडला की टीव्ही ४० सेंटीमीटर पुढे. ८ × ४० = ३२०, भागिले २० = १६ किलो.

त्याच उघड्या हाताला २० किलोचं पोर लोंबकळलं: २८ × ४० = १,१२०, भागिले २० = ५६ किलो.

टीव्ही तोच, ओढ २ किलोपासून ५६ किलोपर्यंत गेली. पट्टी निम्म्या उंचीची असेल तर हे आकडे दुप्पट होतात. म्हणून टीव्ही फिरवायची खरी गरज नसेल तर चिकटून बसणारं ब्रॅकेट घ्यावं. फिरणारंच हवं असेल तर उंच पट्टीचं घ्यावं आणि पुढचा भाग दुप्पट लक्ष देऊन वाचावा.

२. भिंत कशाची आहे?

रंगाखाली सगळ्या भिंती सारख्या दिसतात. ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे चाचणीचं एक बारीक छिद्र. टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी ते पाडायचं आणि ड्रिलमधून पडणारी भुकटी कागदावर धरायची. पहिला सेंटी-दीड सेंटीमीटर करडी भुकटी येते. ते प्लॅस्टर, त्याच्यावर कसलाही भरवसा ठेवायचा नाही. त्यापुढची भुकटी खरं सांगते.

लाल भुकटी आली तर भट्टीची वीट. ही टीव्हीला चांगली भिंत. मात्र बाहेरची भिंत ९ इंची असते आणि दोन खोल्यांमधली बऱ्याचदा साडेचार इंची. साडेचार इंची भिंतही नेहमीचा टीव्ही पेलते, पण तिच्यावर जोराने हातोडा चालवला तर पलीकडच्या खोलीतलं प्लॅस्टर सुटतं. ड्रिल मध्येच एकदम मोकळं आत गेलं तर ते विटेत नसून दोन विटांमधल्या सांध्यात शिरलंय असं समजावं आणि जागा इंच-दीड इंच सरकवावी.

करडीच भुकटी येत राहिली आणि ड्रिल रडत पुढे सरकलं तर ते काँक्रीट, म्हणजे कॉलम किंवा बीम. पकड उत्तम. ड्रिल कशाला तरी अडून पुढे जाईनासं झालं तर आत सळई आहे. जोर न करता छिद्र बाजूला घ्यावं. करडी भुकटी येता येता ड्रिल पोकळीत पडलं तर तो सिमेंटचा पोकळ ब्लॉक. स्क्रूसाठी छिद्रात बसवायची साधी गिट्टी त्या पोकळीत नुसती फिरते. तिथे मागे पंख उघडणारा किंवा गाठ बांधणारा प्लग लागतो. मराठवाड्यात परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या विटाही वापरतात. त्यांचीही भुकटी करडी येते. त्या भरीव असतात, लाल विटेसारख्याच वागवाव्यात.

पांढरी, पिठासारखी भुकटी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं सुळकन आत, तर तो हलका एएसी ब्लॉक. तो करवतीने कापता येतो, यावरूनच त्याचा मऊपणा कळावा. इथे ड्रिलचा ठोके मारणारा खटका बंद ठेवायचा, लांब आणि खास त्याच ब्लॉकसाठीचे प्लग घ्यायचे आणि पुढे ओढायचं ब्रॅकेट टाळायचं.

मातकट, ओलसर, गोळे होणारी भुकटी आली तर ती जुनी दगड-मातीची भिंत. तिच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची भिंत हीच आहे.

३. माळवदाचं घर

या भिंती दीड-दोन फूट, कधी त्याहून जाड असतात, म्हणून त्या भक्कम वाटतात. प्रत्यक्षात एक भिंत म्हणजे दोन भिंती असतात: आतली दगडांची एक रांग, बाहेरची दुसरी, आणि मध्ये माती व दगडाचे तुकडे. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर त्या एकमेकींपासून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. इतकी जीवितहानी होण्याचं मोठं कारण म्हणजे अशाच जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्या डोक्यावरचं माळवदाचं ओझं, हे त्यानंतरच्या पाहणीत पुन्हा पुन्हा दिसलं.

अशा भिंतीत स्क्रू मातीच्या सांध्यात गेला तर हाताने उपटता येतो. दगडातच छिद्र पाडलं तर पकड मिळते, पण ठोक्यांनी तो दगडच आपल्या जागेवरून हलू शकतो. माळवदाच्या घरात याहून चांगली जागा बहुतेक वेळा समोरच उभी असते: लाकडी खांब. छताचा भार खांबांवर आणि तुळयांवर असतो, त्यामुळे ते जाड आणि टणक असतात. दोन खांबांना जाड फळी आडवी पक्की करावी आणि ब्रॅकेट त्या फळीला लावावं. खांबावर आधी बोटाने टकटक करून पाहावी. भुसभुशीत आवाज आला किंवा बुंध्याशी मातीची वाळवीची नळी दिसली तर तो खांब सोडावा.

खांब नसेल तर टीव्ही भिंतीला लावूच नये. भक्कम, बुटक्या टेबलावर ठेवावा. मात्र तोही मोकळा सोडू नये. टेबलाचा कप्पा ओढून त्यावर चढणारं मूल टीव्ही अंगावर घेतं, हा अपघात जगभर इतक्या वेळा होतो की अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१५ साली केवळ फर्निचर आणि टीव्ही बांधून ठेवा हे सांगायला मोहीम काढली. टीव्हीच्या पाठीमागच्या छिद्रांतून पट्टा ओवून तो टेबलाच्या मागच्या चौकटीला आवळायचा. काम दहा मिनिटांचं आहे.

पत्र्याच्या खोलीत पत्रा काहीही पेलत नाही. तिथे वजन लोखंडी अँगलवर घ्यायचं: दोन उभ्या अँगलना आडवी पट्टी नट-बोल्टने जोडून तिच्यावर ब्रॅकेट. आणि अलीकडे हौसेने लावलेलं पीव्हीसी पॅनल? ती नुसती शोभा आहे. पॅनल आणि भिंत यांच्यामध्ये पट्ट्यांमुळे इंचभर पोकळी असते. स्क्रू पॅनल आणि पोकळी ओलांडून विटेत पुरेसा खोल जायला हवा, नाहीतर टीव्ही जाड कागदाला टांगल्यात जमा. पॅनल बसवायच्या आधीच टीव्हीच्या जागी मागे जाड प्लायवूड भिंतीला ठोकून घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही.

४. काळी जमीन आणि भिंतीतली भेग

पूर्णेच्या आसपासची काळी जमीन कापसाला, सोयाबीनला चांगली, पायाला मात्र वाईट. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. घराचा पाया पुरेसा खोल नसेल तर दरवर्षी तो किंचित उचलला जातो, किंचित बसतो, आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर निघते.

अशा भेगेपासून ब्रॅकेटचे स्क्रू किमान फूटभर लांब ठेवावेत. भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे कळायला उपकरण लागत नाही. तिच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायची. पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा जाऊ द्यायचा. भेग रेघ ओलांडून गेली असेल तर ती चालू आहे. आधी पाया आणि अंगणातलं पाणी कुठे मुरतं ते पाहायचं, टीव्ही त्या भिंतीला नाही.

ओलीचंही तेच. पलीकडे न्हाणी असेल, पोपडे धरले असतील, हात फिरवला की भुकटी निघत असेल, तर ती भिंत टाळावी. ओलसर प्लॅस्टर गिट्टीला धरत नाही आणि स्क्रूही गंजतो.

५. गिट्टी धरते कशी?

विटेत थेट स्क्रू पिळला तर वीट भुगा होते आणि आटे काहीच पकडत नाहीत. म्हणून छिद्रात आधी काहीतरी भरायचं. आपल्याकडे पूर्वी सुतार लाकडाची गुल्ली ठोकायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला भिंती न फोडता वस्तू लावायच्या होत्या. तिथलं काम करणाऱ्या जॉन रॉलिंग्ज यांनी तागाच्या तंतूंची गुल्ली काढली. तिलाच पुढे रॉलप्लग म्हणू लागले. १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची चिरलेली गिट्टी बनवली. आज हार्डवेअरच्या दुकानात जी मिळते ती तिचीच वंशज.

तिचं काम एकच: स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि छिद्राच्या भिंतीवर चारी बाजूंनी दाबते. त्या दाबाने जे घर्षण होतं तेच टीव्हीला धरतं. यावरून तीन नियम आपोआप निघतात.

पहिला: छिद्र गिट्टीच्याच मापाचं. ८ मिलिमीटरची गिट्टी, तर ८ चाच बिट. हात हलला आणि छिद्र ९ चं झालं, तर गिट्टी फुगूनही भिंतीला नीट भिडत नाही. मग तिथे काड्यापेटीच्या काड्या कोंबतात. तो इलाज कॅलेंडरला चालतो, टीव्हीला नाही. छिद्र बिघडलं तर एक माप मोठी गिट्टी किंवा नवी जागा.

दुसरा: खोली प्लॅस्टर सोडून मोजायची. गिट्टी ५० मिलिमीटरची आणि प्लॅस्टर १५ चं असेल, तर ती तोंडाशीच थांबवल्यावर विटेत फक्त ३५ मिलिमीटर जाते. छिद्र ६५ ते ७० मिलिमीटर घ्यावं आणि गिट्टी प्लॅस्टरच्या आत, विटेत पूर्ण बसेल इतकी ढकलावी. स्क्रूही तेवढाच लांब. बिटवर चिकटपट्टीची खूण केली की खोली चुकत नाही.

तिसरा: छिद्रातली भुकटी काढायची. भुकटीवर गिट्टी घसरते. बारीक ब्रश फिरवून फुंकर मारावी, डोळे बाजूला करून.

ब्रॅकेटबरोबर आलेल्या पिशवीतले स्क्रू आणि गिट्ट्या साध्या विटेच्या भिंतीचा विचार करून दिलेल्या असतात. आपली भिंत वेगळी निघाली तर त्या बाजूला ठेवून योग्य त्या विकत आणाव्यात.

६. टीव्हीच्या पाठीवरची छिद्रं आणि डोळ्यांची उंची

ब्रॅकेट कुठल्याही कंपनीचं चालतं, कारण पाठीवरच्या चार छिद्रांमधली अंतरं ठरलेली आहेत. त्याला व्हेसा माप म्हणतात: १००×१००, २००×२००, ४००×४०० मिलिमीटर वगैरे. दुकानात जाताना टीव्हीचं हे माप आणि वजन लिहून न्यावं. पाठीत जाणारा स्क्रू फार लांब असेल तर आतल्या भागांना टोचतो, आखूड असेल तर दोन आट्यांवरच लटकतो. हाताने पाच-सहा आटे सहज बसले पाहिजेत.

उंची ठरवताना स्वतः बसून पाहावं. जमिनीवर सतरंजीवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे सुमारे ७० ते ७५ सेंटीमीटरवर असतात, दिवाणावर किंवा सोफ्यावर बसलेल्याचे १०५ ते ११० वर. घरात दोन्ही चालतं, म्हणून पडद्याचा मध्य १०० च्या आसपास ठेवला की सगळ्यांचं भागतं. ४३ इंची टीव्ही सुमारे ५४ सेंटीमीटर उंच, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून ७३ सेंटीमीटरवर येते. दाराच्या वर टांगलेला टीव्ही बाहेर ओट्यावरूनही दिसतो खरा, पण मान दुखते. वर लावणं भागच असेल तर खाली झुकणारं ब्रॅकेट घ्यावं. पाहायचं अंतर पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपटीहून थोडं जास्त. ४३ इंचीला पावणेसहा फूट. दहा बाय बाराच्या खोलीत ते सहज मिळतं.

७. भिंतीतली वायर

आत गाडलेली वायर बहुधा बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवी जाते. म्हणून बोर्डाच्या किंवा सॉकेटच्या नेमक्या रेषेत छिद्र पाडायचं नाही. वीतभर बाजूला सरकायचं. त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवायचा आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या खोलीतून, वेगळ्या एमसीबीवरून घ्यायची. बोर्डावर टेस्टर लावून वीज खरंच गेली का ते पाहायचं.

सॉकेट टीव्हीच्या कडेला, हात पोचेल असं असावं. कारण मराठवाड्यात मे-जूनला आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. पिन काढायची आणि डिशची केबलही काढायची. सॉकेट टीव्हीमागे दडपलेलं असेल तर हे कुणी करत नाही. मागे वारा खेळायला चार बोटं जागा सोडावी, आणि पश्चिमेच्या उन्हाने तापणारी भिंत शक्यतो टाळावी. परभणीचा उन्हाळा तिला संध्याकाळपर्यंत गरम ठेवतो.

८. टांगण्याआधी परीक्षा

पट्टी भिंतीला पक्की झाली, पाणपातळीने सरळ आहे हे पाहिलं, की टीव्ही उचलायची घाई करू नये. एक मजबूत पिशवी घ्यावी, तिच्यात २० किलो ज्वारी भरावी आणि पट्टीला दोरीने टांगावी. आठ किलोच्या टीव्हीसाठी ही अडीचपट परीक्षा झाली. अर्धा तास तशीच राहू द्यावी. मग पट्टीची वरची कड भिंतीपासून सुटली का ते पाहावं. कागद तिथे सरकत असेल तर स्क्रू हलले आहेत. कितीही कंटाळा आला तरी ते काढून पुन्हा करायचे. फिरणाऱ्या ब्रॅकेटचा हात पूर्ण उघडून त्याच्या टोकाला पिशवी लावायची. एएसी ब्लॉकची भिंत, माळवदाच्या घरातली खांबांवरची फळी आणि पत्र्याच्या खोलीतले अँगल यांच्यावर ही परीक्षा चुकवू नये.

टीव्ही गादीवर पालथा ठेवून मागच्या पट्ट्या लावाव्यात आणि दोघांनी कडा धरून उचलावा. पडद्यावर बोटं दाबू नयेत. बहुतेक ब्रॅकेटांत टीव्ही वरच्या कडेला आकड्यासारखा अडकतो आणि खाली दोन लॉक स्क्रू असतात. घाईत तेच राहून जातात. आकडा टीव्हीला खाली पडू देत नाही, पण हिसक्याने वर उचलला जाऊ देतो. पूर्णेच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. अशा वेळी ते दोन स्क्रू कामाला येतात. रुळांजवळच्या घरात मालगाडी गेली की भांडी वाजत असतील, तर बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घालावेत.

९. लावणाऱ्याला काय सांगायचं?

टीव्ही लावायला येणारा माणूस दिवसात कितीतरी घरं करतो. त्याच्याकडे ड्रिल असतं, सवय असते. पण तुमची भिंत त्याने बांधताना पाहिलेली नसते. ती कुणी आणि कशाची बांधली, मागे न्हाणी आहे का, वायर कुठून नेली, ती भेग कधीची, ही माहिती फक्त घरच्यांकडे असते. म्हणून तो खोकं उघडायच्या आधी चार गोष्टी त्याला सांगा: भिंत कशाची, जाडी किती, वायर कुठून, पाहायला बसतात कुठे. आणि एक मागा: पहिल्या छिद्राची भुकटी मला दाखवा. चांगला कारागीर याने चिडत नाही, उलट हातातली गिट्टी बदलायची की नाही ते त्यालाही तिथेच कळतं. त्यानंतर वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, टीव्ही पुसता पुसता स्क्रूंवर पाना फिरवून पाहावा आणि पट्टीच्या वरच्या कडेला एकदा कागद लावून बघावा.